फुलावरची मधमाशी जवळून टिपताना : पुण्यातल्या नवशिक्या फोटोग्राफरसाठी

मधमाशीचे फोटो फसतात, कारण आपण तिच्या मागे धावतो. ती एका फुलावर दोन-तीन सेकंद टेकते. तेवढ्यात वाकायचं, चौकट लावायची, फोकस आणायचा आणि बटण दाबायचं हे कुणालाच जमत नाही. फोटोत उरतो तो नुकताच हललेला देठ. म्हणून इथली सगळी कृती उलट्या बाजूने सांगितली आहे. आधी फूल निवडा, अंतर आणि प्रकाश त्या फुलावर बसवून ठेवा, आणि मग माशीची वाट बघा.

ती येते, कारण मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच जातीची फुलं धरून ठेवते. बाल्कनीतल्या तुळशीवर उतरलेली माशी मंजिरीमागून मंजिरी करत जाते, शेजारच्या सदाफुलीकडे ढुंकूनही बघत नाही. कॅमेरा पिशवीतच ठेवून दहा मिनिटं नुसतं बघा. कुठल्या झुडपावर वर्दळ आहे, कुठल्या बाजूने माश्या येतात, एका फुलावर किती वेळ थांबतात, हे तेवढ्यात कळतं. ही दहा मिनिटं वाचवणाऱ्याचा पुढचा एक तास वाया जातो.

समोर कोण आहे

केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे, आणि शहराच्या हद्दीतही देशी मधमाश्या अजून भरपूर दिसतात. फोटो काढणाऱ्याला त्यांची ओळख हवी ती मुख्यतः आकारासाठी.

सगळ्यांत सहज भेटते ती फुलोरी. लांबी ७ ते १० मिमी, पोटाचा पुढचा भाग विटकरी आणि मागे काळ्यावर पांढरे पट्टे. सातेरी १० ते ११ मिमीची, पोटावर सारखे पट्टे असलेली. आग्या माशी १७ ते २० मिमी, म्हणजे फुलोरीच्या जवळजवळ दुप्पट. पोयाची माशी जेमतेम ३ ते ४ मिमी, काळी आणि डंख नसलेली. भिंतीच्या फटीतून मेणा-डिंकाची छोटी नळी बाहेर आलेली दिसली तर तिचं घर तिथेच आहे. पोळं करून न राहणाऱ्यांमध्ये दोघांची ओळख करून घ्याच: काळा, गुबगुबीत भुंगा, जो अडीच सेंटीमीटरच्याही पुढे जातो, आणि पोटावर निळसर चमकदार पट्टे असलेली, फुलासमोर हवेत थबकणारी निळ्या पट्ट्यांची माशी.

नवशिक्यांनी सुरुवात आग्या किंवा सातेरीपासून करावी. पोयाची माशी गोड दिसते, पण तिचा डोळा फोकसमध्ये आणायला हात बसलेला लागतो. तिला सहा महिन्यांनी भेटा.

किती जवळ जायचं? वाटतं तितकं नाही

मॅक्रो लेन्सवर, म्हणजे अगदी जवळचं टिपणाऱ्या लेन्सवर, १:१ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की १० मिमीची माशी सेन्सरवरही (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावरही) १० मिमीचीच उमटते. नवीन लेन्स हातात आली की सगळे थेट १:१ वर जातात आणि निराश होतात. कारण आकड्यांतच आहे. एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा (नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतो तो आकार), ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफ/११ (एफचा आकडा मोठा तितकं भोक बारीक) आणि १:१ मोठेपणा असेल तर खोलीत स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण ०.९ मिमी असतो. सातेरीचं डोकंही त्यात पुरतं मावत नाही. तेच १:२ वर, म्हणजे अर्ध्या मोठेपणावर, हा पट्टा सुमारे २.६ मिमी होतो. अंतर थोडंसं वाढवलं आणि स्पष्टता जवळजवळ तिप्पट झाली.

'पण माशी लहान दिसेल' ही शंका रास्त आहे. हिशोब करून बघू. एपीएस-सी सेन्सर सुमारे २३ मिमी रुंद असतो. १:२ वर सातेरी त्यावर ५ मिमीपेक्षा थोडी जास्त जागा घेते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल, म्हणजे माशी साधारण १३०० पिक्सेल लांब उमटते. फोटो निम्म्या रुंदीला क्रॉप केला तरी ३००० पिक्सेल हातात राहतात आणि त्यातून दहा इंचांचा छापील फोटो निघतो. मोबाईलवर बघण्यासाठी तर ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. आग्या आणि भुंग्याला १:३ सुद्धा पुरतं.

ॲपर्चर आणखी बारीक करून पट्टा वाढवावा असं सुचेल. एफ/१६ पर्यंत ठीक, पण तिथून पुढे फोटो सगळीकडूनच मऊ पडू लागतो, कारण फार बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो. शिवाय १:१ वर लेन्सचं ॲपर्चर प्रत्यक्षात दुप्पट बारीक असल्यासारखं वागतं: एफ/११ लावलं की परिणाम एफ/२२ चा. एफ/८ ते एफ/११ यातच राहा.

लेन्स कोणती

सोय आणि दर्जा दोन्ही हवे असतील तर ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स घ्यावी. १:१ वर तिच्या टोकापासून माशीपर्यंत साधारण १३ ते १५ सेंटीमीटर अंतर राहतं, आणि १:२ वर त्याहून जास्त. ५० किंवा ६० मिमीची मॅक्रो स्वस्त असते, पण तिच्यासाठी इतकं जवळ जावं लागतं की लेन्सची सावलीच फुलावर पडते. फळं, नाणी, दागिने यांना ती चालते. माशीसाठी ती घेऊ नका.

आधीच ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी झूम लेन्स असेल तर नवीन लेन्स घेण्याआधी तिच्यापुढे लावायची चांगल्या प्रतीची क्लोज-अप लेन्स बघा. रेनॉक्स डीसीआर-१५० ही ४.८ डायॉप्टरची आहे (डायॉप्टर म्हणजे काचेची ताकद, चष्म्याच्या नंबरासारखी). झूम अनंतावर फोकस केलेली असताना तिच्यापासून माशी सुमारे २१ सेंटीमीटरवर स्पष्ट दिसते, आणि २०० मिमीवर मोठेपणा जवळजवळ १:१ मिळतो. वीतभर अंतर म्हणजे माशी बिनधास्त. हिचीच थोरली बहीण डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची; तिच्यात अंतर १२ सेंटीमीटरवर येतं आणि मोठेपणा नको इतका वाढतो. नवशिक्यांनी १५० घ्यावी. तीन-चारच्या संचात मिळणारे स्वस्त क्लोज-अप फिल्टर एकाच काचेचे असतात. त्यांनी कडेला जांभळी-हिरवी किनार येते.

तिसरा मार्ग एक्स्टेंशन ट्यूबचा. तिच्यात काच नसते, लेन्स सेन्सरपासून लांब नेणारी ती नुसती नळी. हिशोब सोपा आहे: नळीची लांबी भागिले लेन्सची मिमी, तेवढा मोठेपणा वाढतो. ५० मिमीच्या लेन्सला २५ मिमीची नळी लावली तर अर्ध्याची भर. घ्यायचीच तर आत विजेचे संपर्क असलेली घ्या. साध्या नळीने आजच्या बहुतेक लेन्सचं ॲपर्चर बदलताच येत नाही.

मोबाईलवाल्यांसाठी: वेगळी दोन मेगापिक्सेलची 'मॅक्रो' लेन्स असेल तर ती विसरा. अल्ट्रावाइडमधून चालणारा मॅक्रो मोड बरा असतो, पण त्यासाठी फोन माशीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर न्यावा लागतो आणि ती उडते. फोनमध्ये टेलिफोटो असेल तर तो वापरा, वीतभर लांब राहा आणि भरपूर उन्हात आग्या किंवा भुंगा निवडा.

कुठे, कोणत्या महिन्यात

घरातून सुरुवात करा. तुळस, पुदिन्याचा किंवा कोथिंबिरीचा फुलोरा, एकेरी पाकळ्यांची झेंडूची रोपं: एवढ्यावर वर्षभर सराव होतो. भरगच्च दुहेरी झेंडूवर माश्या कमी येतात, कारण पाकळ्यांच्या गर्दीत मकरंद हाती लागत नाही.

शहराबाहेर पडायची तयारी असेल तर फेब्रुवारी-मार्चमधले कांद्याचे डोंगळे हे नवशिक्यांसाठी सगळ्यांत चांगलं ठिकाण. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या वाफ्यात प्रत्येक डोंगळा म्हणजे शेकडो बारीक पांढऱ्या फुलांचा चेंडू. माशी त्यावर उतरली की एका फुलातून दुसऱ्या फुलात चालत राहते, लगेच उडत नाही. देठ ताठ, गुडघे टेकले की फूल डोळ्यांच्या उंचीच्या जवळपास, मागे मोकळं आकाश किंवा लांबची हिरवळ. शेतमालकाला विचारूनच आत जा, आणि फवारणी कधी झाली तेही विचारा.

सूर्यफुलात असंच एक गुपित आहे. त्याच्या तबकडीतली छोटी फुलं बाहेरून आत उमलत जातात, त्यामुळे त्या दिवशी उमललेल्यांचं एक कडं तयार होतं. माशी त्या कड्यावरूनच फिरते. कड्याच्या एका बिंदूवर फोकस लावून थांबलात की ती फिरत फिरत तुमच्यासमोर येते.

बाकी वर्षाचा हिशोब असा. जून ते ऑगस्ट पुण्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो. टेकड्यांवर फूल क्षणभरही स्थिर राहत नाही, त्यामुळे पावसाच्या उघडिपीत आडोशाची बाग बरी. ऑगस्टअखेरपासून सिंहगडाच्या बाजूला तेरडा आणि सोनकी, तेरड्यावर निळ्या पट्ट्यांच्या माशीची वाट बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात कारळ्याची पिवळी शेतं, वेताळ टेकडी आणि तळजाईच्या वाटांवर रानोमाळ पसरलेला केशरी कॉसमॉस. हिवाळ्यात तूर आणि शेवगा. उन्हाळ्यात करंज आणि बहावा. बहाव्यावर भुंगे ठरलेलेच.

वेळेचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जाऊन उपयोग नाही, गारठ्यात माश्या बाहेरच पडत नाहीत. साडेआठ ते साडेदहा ही वेळ धरा. पहिल्या अर्ध्या तासात त्या अजून सुस्त असतात आणि कॅमेरा जवळ येऊ देतात. एप्रिल-मेमध्ये साडेसहा ते नऊ. ज्वारी, बाजरी, मक्याच्या तुऱ्यावर पराग गोळा करणं सकाळी लवकरच उरकतं, म्हणून अंगभर पिवळी भुकटी माखलेली माशी हवी असेल तर उशीर करू नका. भर दुपारचं ऊन टाळा. जायचंच तर पांढरी छत्री न्या. फुलावर धरली की ऊन मऊ होतं.

उन्हात काढायचे फोटो: सेटिंग

मोड मॅन्युअल. शटर १/१००० सेकंद, ॲपर्चर एफ/८, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ऑटो पण कमाल १६०० वर बांधलेला. सकाळच्या स्वच्छ उन्हात आणि १:२ वर आयएसओ साधारण ४०० ते ८०० मध्ये खेळतो. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा.

झेंडू, सोनकी, सूर्यफूल अशा पिवळ्या-केशरी फुलांत लाल रंगाची नोंद (रेड चॅनेल) सगळ्यांत आधी कमाल मर्यादेला पोचते आणि पाकळ्या सपाट, प्लॅस्टिकच्या दिसू लागतात. एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि फसवतो. रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम उघडून बघा, आणि गरज पडल्यास एक्स्पोजर २/३ स्टॉपने (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा उजेड) खाली घ्या. डोंगळ्याच्या पांढऱ्या फुलांनाही हेच लागू.

फोकस मॅन्युअल. लेन्सची कडी फिरवून हवा तो मोठेपणा आधीच ठरवा आणि मग कडीला हात लावू नका. फोकस आणायचा तो शरीर मिलिमीटर-मिलिमीटर पुढेमागे झुलवून. पहिल्या दिवशी हे विचित्र वाटतं, आठवड्याभरात अंगात बसतं. ज्यांच्या मिररलेस कॅमेऱ्यात कीटकांचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस आहे त्यांनी १:३ पर्यंत तो जरूर वापरावा. त्याहून जवळ गेलं की तो बऱ्याचदा मिशा किंवा पाकळीची कड पकडतो.

आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बहुतेक कॅमेऱ्यांत बंद ठेवा. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात पंख हलतात आणि फोटोत ते वाकडेतिकडे येतात.

फ्लॅश आणि त्याचा डिफ्यूझर

मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा फडफडतात. १/१००० च्या शटरमध्येही पंख एका फडफडीचा चौथा-पाचवा हिस्सा पार करतो, म्हणून धूसर उमटतो. तो गोठवायचा असेल तर काम शटरचं नाही, फ्लॅशचं आहे. साध्या स्पीडलाइटची (कॅमेऱ्यावर बसवायच्या वेगळ्या फ्लॅशची) ताकद १/१६ किंवा १/३२ वर आणली की त्याचा झोत साधारण १/१०,००० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ टिकतो.

सुरुवात अशी करा: शटर १/२००, ॲपर्चर एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअल १/१६. हाय-स्पीड सिंक बंद. तो चालू असला की फ्लॅश एका झटक्याऐवजी लांबलेली थरथर देतो आणि गोठवण्याची ताकदच जाते. फ्लॅश वापरताना सावलीतलं फूल निवडा. भर उन्हात १/२०० वर उन्हाचा धूसर फोटो आणि फ्लॅशचा स्पष्ट फोटो एकावर एक बसतात, आणि माशीला भुतासारखी दुसरी कड येते.

नुसता फ्लॅश मारला तर माशीच्या डोळ्यावर आणि गुळगुळीत पोटावर टाचणीएवढा पांढरा डाग पडतो. प्रकाशाचा स्रोत माशीच्या मानाने मोठा आणि जवळ हवा, त्यासाठी डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवणारा पडदा. अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत याचं बरंचसं सामान मिळतं: काळा कार्डपेपर, ट्रेसिंग पेपर, सेलोटेप, रबरबँड. शिवाय घरातलं ॲल्युमिनियम फॉइल आणि काचसामान ज्यात गुंडाळून येतं तो पातळ पांढरा फोम.

१. कार्डपेपरचा चपटा नरसाळ्यासारखा आकार करा. अरुंद तोंड फ्लॅशच्या डोक्यावर घट्ट बसेल एवढं, रुंद तोंड साधारण १८ सेंटीमीटर.

२. आतून फॉइल चिकटवा. ते आधी चुरगाळून उलगडा, म्हणजे प्रकाश विखुरतो.

३. मध्यावर ट्रेसिंग पेपरचा एक पडदा लावा.

४. रुंद तोंडाला फोमचा दुसरा पडदा लावा, किंचित खाली वळलेला. दोन पडद्यांत ४-५ सेंटीमीटरची पोकळी ठेवा. ती राहिली नाही तर सगळी मेहनत वाया.

५. नरसाळं लेन्सच्या टोकाच्या पुढे येऊन माशीच्या वर छपरासारखं झुकलं पाहिजे. मागेच राहिलं तर लेन्सची सावली पडते.

तपासणीसाठी स्टीलचा चमचा घ्या आणि त्याच्या फुगीर बाजूचा फोटो काढा. चमच्यात डिफ्यूझरचं प्रतिबिंब सगळीकडे सारखं पांढरं दिसलं तर उत्तम. मधे झगझगीत ठिपका आणि कडा काळपट असतील तर पोकळी वाढवा किंवा ट्रेसिंग पेपर दुहेरी करा. चमच्यात जे दिसेल तेच माशीच्या डोळ्यात दिसणार.

फ्लॅशमध्ये मागचा भाग काळा ठिक्कर पडतो, कारण झोत काही इंचांवरच संपतो. दिवसाढवळ्या काढलेला फोटो रात्रीचा वाटतो. निवडलेल्या फुलामागे १०-१५ सेंटीमीटरवर दुसरं पान किंवा फूल येईल असा कोन धरा, नाहीतर आयएसओ ८०० पर्यंत वाढवून फ्लॅशची ताकद तितकीच कमी करा.

प्रत्यक्ष फुलासमोर

फूल असं निवडा की त्याच्यापर्यंत तुमची सावली न पडता पोचता येईल. माशी हळू हालचालीला भीत नाही, अचानक पडलेल्या सावलीला भिते. ऊन बाजूने येऊ द्या.

ट्रायपॉड घरी ठेवा, माशीच्या वेगाला तो पुरा पडत नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी फुलाचा देठ खाली, फुलापासून वीतभर अंतरावर, हलकेच धरा आणि त्याच मनगटावर लेन्स टेकवा. आता वारा आला तरी फूल आणि लेन्स एकत्र हलतात. हे एकच तंत्र शिकलात तरी स्पष्ट फोटोंची संख्या लगेच वाढते. देठ हाती लागत नसेल तर बांबूची बारीक काठी जमिनीत रोवून कपड्यांच्या चिमट्याने देठ तिला धरून ठेवा. चिमटा फार आवळू नका.

माशी उतरली की लगेच बटण दाबू नका. पहिल्या सेकंदात ती जागा शोधत असते. तोंड फुलात गेलं की ती रमते, तेव्हा झुलत पुढे सरका आणि डोळा स्पष्ट होताच तीन ते पाच फोटोंची झड घ्या. लांबलचक झड घेऊ नका. फ्लॅशला चार्ज व्हायला वेळ लागतो आणि घरी पाचशे फोटो चाळताना चांगला फोटो नजरेतून सुटतो.

कोन महत्त्वाचा. माशीची पूर्ण कूस स्पष्ट हवी असेल तर सेन्सर तिच्या कुशीला समांतर धरा: डोळा, पंखाचं मूळ आणि मागच्या पायावरचा परागाचा गोळा एकाच पातळीत आले पाहिजेत. समोरून काढत असाल तर फक्त डोळे आणि मिशांची मुळं स्पष्ट येतील, बाकी विरघळेल, आणि तसं चालतं. वरून, उभ्याने काढलेला फोटो मात्र नेहमी सपाट लागतो. गुडघे टेका.

फोकस बसला की नाही याची एक पक्की खूण आहे. मधमाशीच्या डोळ्यावर बारीक केस असतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पूर्ण मोठा करून बघा: डोळ्यावरचे केस वेगवेगळे मोजता आले तर फोकस बरोबर. छातीवरचे केस स्पष्ट आणि डोळा गुळगुळीत दिसत असेल तर फोकस डोळ्याच्या दोन मिलिमीटर मागे पडला आहे.

हातावर एक खास प्रसंग ठेवण्यासारखा आहे: वांग्याचं फूल. त्याचे पिवळे पुंकेसर सुळक्यासारखे एकत्र उभे असतात आणि पराग फक्त टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी तो सुळका पायांनी कवटाळते, अंग वाकवते, पंख मिटून ठेवते आणि उडण्याचे स्नायू थरथरवते. मिठाची बरणी हलवावी तसा पराग तिच्या पोटावर सांडतो. आग्या, सातेरी, फुलोरी यांना हे जमत नाही. फोटोसाठी ही सोन्याची संधी, कारण पंख फडफडत नसतात आणि माशी एका जागी लटकलेली असते. कान उघडे ठेवा: उडतानाची गुणगुण थांबून तुटक, चढ्या सुराची भुर्रभुर्र ऐकू आली की बटण दाबायचं. परसबागेत वांग्याची दोन रोपं लावा आणि त्यांच्यावर फवारा मारू नका.

फोटो बिघडला तर काय बघायचं

सगळाच फोटो हलला असेल, फूल आणि माशी दोन्ही, तर हात किंवा वारा. शटर वाढवा, देठ धरा. फूल स्पष्ट पण माशी धूसर असेल तर माशी हलली. शटर १/१६०० करा नाहीतर फ्लॅशकडे वळा. पाकळीची कड स्पष्ट आणि माशी मऊ असेल तर दोष ऑटोफोकसचा. डोळा स्पष्ट असूनही सगळ्यावर दुधाळ पडदा दिसत असेल तर समोरून ऊन लेन्सवर येतंय, हूड (लेन्सपुढचं छत्र) लावा. मोबाईल असेल तर लेन्सवरचा बोटांचा ठसा पुसा. स्पष्टता आहे पण फोटो गिचमिड वाटतो, तर मागच्या काड्या बघा. दोन पावलं बाजूला सरकल्याने जे साधतं ते नंतर संगणकावर साधत नाही.

डंख आणि मर्यादा

फुलावर आलेली माशी राखण करत नसते, तिला चिरडलं किंवा मुठीत धरलं तरच ती डसते. पोळ्याची गोष्ट वेगळी. आग्यामोहोळाजवळ फोटो काढायला जाऊ नका, फ्लॅश मारू नका, ड्रोन तर मुळीच नेऊ नका. अत्तर लावू नका, फिके कपडे घाला, माशीवर श्वास सोडू नका. श्वासाने ती बिथरते. डंख बसला तर काटा नखाने लगेच खरवडून काढा आणि तिथून दूर व्हा, कारण डंखाबरोबर सुटणाऱ्या, केळ्यासारख्या वासाने इतर माश्या चवताळतात. मग बर्फ लावा. दम लागला, ओठ-चेहरा सुजला, चक्कर आली तर वाट न बघता १०८ ला फोन करा. पावसाळ्यात गवतात गुडघे टेकण्याआधी काठीने गवत झोडपून बघा, बूट घोट्याच्या वर हवेत.

माशी स्थिर राहावी म्हणून तिला फ्रीजमध्ये गार करणं किंवा फुलावर मध लावणं, हे दोन्ही करू नका. पहिल्यात माशी मरू शकते. दुसऱ्यात मधातून पोळ्यांचे रोग पसरतात. सार्वजनिक बागेत कॅमेऱ्याचा नियम दारावरच विचारून घ्या.

झोपलेल्या माश्या

१:१ चा मोह सुटत नसेल तर संध्याकाळी जा. निळ्या पट्ट्यांच्या माश्यांचे नर दिवस मावळताना वाळक्या काडीवर येऊन, जबड्याने काडी घट्ट चावून, तिथेच रात्र काढतात. अनेकदा चार-सहा जण एका ओळीत, आणि बहुतेक दुसऱ्या दिवशीही त्याच काडीवर. तळजाईसारख्या ठिकाणी वाटेकडेच्या सुक्या काड्या, कुंपणाच्या वेलींची टोकं नजरेखालून घाला. इथे मात्र ट्रायपॉड आणा. माश्यांना लाल रंग दिसत नाही, म्हणून फोकस लावायला टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावा. एफ/५.६ ठेवा, प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा ०.३ मिमी पुढे सरकवा आणि असे पंधरा ते वीस फोटो घेऊन ते संगणकावर एकत्र करा. मिशांपासून छातीपर्यंत सगळं स्पष्ट येतं. सूर्य उगवण्याआधी पोचलात तर थंडीच्या दिवसांत पंखांवर दव असतं. ऊन पडून ते वाळलं की नर पाय झाडतात, पोट दोन-तीनदा आक्रसतात आणि उडून जातात, त्यामुळे पहिल्या उन्हाच्या आधी काम संपवा.